हृदयविकाराविरुद्धची लढाई विहारातून लढावी लागेल

हृदयविकार हा बंगल्यात राहणाऱ्या, मोटारीतून फिरणाऱ्या, लोण्या-तुपावर पोसलेल्या माणसांचा आजार आहे, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. अंगमेहनत करणाऱ्याला कुठला आलाय हृदयविकार, असे आपण सहज बोलून जातो. हाच समज आज आपली माणसे मारतो आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने दाखवून दिले की, हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांशी जोडलेला आहे. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मानसिक ताण, ताटातून हरवलेल्या भाज्या-फळे आणि व्यायामाचा अभाव हे त्यांतले प्रमुख. आपल्या दक्षिण आशियातील माणसाला हा पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, सरासरी ५३ व्या वर्षी येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. आता सांगा, यांतले कोणते कारण आपल्या वस्तीत नाही?

कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे चालविणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला याचे उत्तर कागदपत्रांतूनच मिळते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेले असते हृदयविकाराचा झटका आणि वय असते चाळीस-पंचेचाळीस. मागे पत्नी आणि शाळेत जाणारी मुले. मृत्यू कामाच्या ताणामुळेच झाला हे सिद्ध करा, असे कायदा त्या विधवेला सांगतो. मृताचा रक्तदाब कधी मोजला होता का, असे विचारले तर घरातले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. दावा जिंकला तरी माणूस परत येत नाही. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि बायपास होते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु झटका आल्यानंतर रुग्णालयाच्या दारापर्यंत जो पोहोचतच नाही, त्याला योजनेचा उपयोग काय?

मग उपाय काय? ‘जीवनशैली बदला’ असे डॉक्टर सांगतात. पहाटे चार वाजता झाडू हाती घेणाऱ्या सफाई कामगाराला आणि चार घरची धुणीभांडी करून आपल्या घरी पुन्हा चूल पेटवणाऱ्या बाईला हे ऐकून हसूच येईल. जीवनशैली ही एकट्याने निवडायची चैन असेल तर ती आपल्यासाठी नाहीच. पण ती साऱ्या समाजाने मिळून बदलता येते, हे फिनलंड देशातील नॉर्थ कारेलिया या प्रांताने जगाला दाखवून दिले आहे.

नॉर्थ कारेलिया हा लाकूडतोड्यांचा आणि छोट्या शेतकऱ्यांचा गरीब प्रांत. अंगमेहनतीला तिथे तोटा नव्हता. तरीही ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने पटापट मरत होते. जेवणात लोणी, सायीचे दूध, खारवलेले मांस, भाज्या-फळे नावालाच, आणि निम्म्या पुरुषांच्या ओठात सिगारेट. १९७१ साली या प्रांताच्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला की, आमची माणसे मरत आहेत, काहीतरी करा. १९७२ साली पेक्का पुस्का या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरच्या नेतृत्वाखाली कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी नुसती भाषणे दिली नाहीत. गावोगावच्या मार्था या महिला संघटनेला सोबत घेतले. बायकांनी ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ भरवल्या. नेहमीचेच पदार्थ कमी चरबीत, कमी मिठात रांधून गावाला खाऊ घातले. गावात ज्यांचा शब्द चालतो अशा सामान्य माणसांना प्रशिक्षण दिले. परिचारिकांनी रक्तदाब मोजून नोंदी ठेवल्या. मांसपदार्थ बनवणाऱ्यांना मीठ आणि चरबी कमी करायला लावली. दुधाच्या धंद्यावर पोट असलेल्यांचा विरोध झाला, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना बोरवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळवले. पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. यातला मोठा वाटा नव्या औषधांपेक्षा बदललेल्या सवयींचा होता.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र जगणाऱ्या समाजाला ही रीत परकी वाटायचे कारण नाही. गावोगावी विहार आहेत, महिला मंडळे आहेत, आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने चालणारा वर्षावास आहे. आणि आपल्याकडे तर तथागतांचाच दाखला आहे. संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा येते. राजा अतोनात जेवून धापा टाकीत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मोजून खाण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणण्याचे काम दिले आणि हळूहळू आहार कमी करून तो सडपातळ व निरोगी झाला. यात नवस नाही, चमत्कार नाही. आहे ती समज, रोजचा सराव आणि आठवण करून देणारा सोबती. समाजशिक्षण याहून वेगळे काय असते?

म्हणून येत्या वर्षावासापासून प्रत्येक विहाराने एवढे तरी करावे. रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र घ्यावे आणि आशाताईंच्या मदतीने तीस वर्षांवरील प्रत्येकाची नोंदवही ठेवावी. ज्याचा रक्तदाब वाढलेला निघेल त्याला आरोग्य केंद्रात नेऊन औषध सुरू करून द्यावे. बरे वाटले म्हणून गोळी बंद करायची नाही, हेही समजावावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतके मीठ सांगते. आपले लोणचे, पापड, खारे बोंबील, फरसाण त्या हिशेबात धरा. भोजनदानात वनस्पती तुपातल्या पुऱ्यांऐवजी भाकरी, उसळ, पालेभाजी असावी. महिला मंडळाने मिश्रीचा विषय स्वतः हाती घ्यावा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. दारूबद्दल वेगळे काय सांगावे? पंचशीलात ती वर्ज्य आहे, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही ती वर्ज्य आहे. तरीही जयंतीच्या मिरवणुकीत झिंगणारे आपलेच असतात. आणि छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पीत बसू नये. १०८ ला फोन करावा, हे पोराटोरांनाही पाठ असावे.

परंतु सगळा भार समाजाने आपल्याच डोक्यावर घ्यावा, असेही नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी ही आरोग्य केंद्राची जबाबदारी आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे आणि २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. मग शाळेसमोर पुडी मिळते कशी? आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या का संपलेल्या असतात? वस्तीच्या मैदानाचे आरक्षण कोणी गिळले? माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करून हे विचारता येते. नॉर्थ कारेलियाची सुरुवातही एका अर्जानेच झाली होती.

मधुमेहाने जर्जर झालेल्या शरीराने बाबासाहेब अखेरपर्यंत लिहीत राहिले आणि वयाच्या ६५ व्या वर्षी आपल्याला पोरके करून गेले. त्यांचा रथ पुढे न्यायचा तर ओढणारे हात आणि धडधडणारी हृदये शाबूत हवीत. चाळिशीत चितेवर जाणारा कार्यकर्ता चळवळीला परवडणारा नाही. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर पहिला विषय हाच घ्या. जय भीम!