घरच्या छपरावरील सौर संच : पैसे कामाच्या मागून जावेत

प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविणे हे या योजनेचे उद्दिष्ट असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आहे. योजना गावोगावी पोहोचली, तसे तिच्या नावाने फिरणारे मध्यस्थही पोहोचले. पीक विकून हाती आलेली रक्कम सौर संचाच्या नावाखाली अनोळखी व्यक्तीच्या खात्यात गेली, तर ती परत मिळणे कठीण असते. त्यामुळे विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय शेतकरी मेळाव्यांतून समजावून सांगणे आवश्यक आहे.

अनुदानाचे गणित

फसवणुकीचे पहिले साधन म्हणजे ‘मोफत’ हा शब्द. घरगुती संचासाठी केंद्राचे अनुदान पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये इतके आहे. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचास कमाल ७८,००० रुपये मिळतात. हे दर ठरविताना ३ किलोवॅट संचाची आधारभूत किंमत १,४५,००० रुपये धरली होती. म्हणजे त्या हिशेबानेही ६७,००० रुपये ग्राहकाचेच राहतात. काही राज्ये स्वतःचे अनुदान जोडतात. परंतु केवळ केंद्राच्या अनुदानात संपूर्ण संच बसतो, हा दावा खरा नाही.

दुसरा दावा उत्पादनाचा असतो. चांगल्या उन्हात १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो आणि त्यासाठी सुमारे १०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते. ३ किलोवॅटचा संच महिन्याला ३०० ते ३६० युनिट देऊ शकेल. पावसाळ्यात हे प्रमाण घटते. याच्या दुप्पट उत्पादनाची लेखी हमी देणारा पुरवठादार विश्वासास पात्र नाही.

तिसरा गैरसमज भारनियमनाविषयी आहे. वीजवाहिनीला जोडलेला साधा सौर संच वाहिनीतील वीज गेली की आपोआप बंद पडतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी ही रचना केलेली असते. वीज गेल्यावरही पुरवठा हवा असल्यास बॅटरीसह हायब्रिड संच घ्यावा लागतो व त्याचा खर्च बराच अधिक येतो. साधा संच दाखवून ‘आता लाइट जाणारच नाही’ असे सांगणे ही दिशाभूल होय.

प्रक्रियेचा क्रम हेच संरक्षण

अर्ज राष्ट्रीय संकेतस्थळावर वीज ग्राहक क्रमांकाच्या आधारे होतो. या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपतो. तसा न संपणारा पत्ता बनावट समजावा. त्यानंतर वीज वितरण कंपनीची मान्यता, नोंदणीकृत पुरवठादाराची निवड, लेखी करार, उभारणी, तपासणी, नेट मीटर आणि शेवटी अनुदान असा क्रम आहे. अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. ते पुरवठादाराच्या हाती जात नाही.

या क्रमातच फसवणूक ओळखण्याच्या खुणा आहेत. १० किलोवॅटपर्यंतच्या संचांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची अट २०२४ मधील नियमदुरुस्तीने काढून टाकली. त्यामुळे ‘मंजुरी मिळवून देतो’ म्हणून वेगळी रक्कम मागणाऱ्याला नकार द्यावा. अनुदान मिळण्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही, यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि व्हॉट्सॲपवर आलेले कोणतेही ॲप मोबाइलमध्ये घ्यावे लागत नाही. पीएम कुसुम योजनेतील सौर पंपांच्या नावाने नोंदणी शुल्क उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांविरुद्ध केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला यापूर्वी वारंवार इशारे द्यावे लागले आहेत. तीच पद्धत आता घरगुती संचांबाबत वापरली जाते.

पुरवठादाराची पारख

कीटकनाशक घेताना जागरूक शेतकरी विक्रेत्याचा परवाना पाहतो, बॅच क्रमांक असलेले पक्के बिल घेतो आणि उगवण्याच्या वा फवारणीच्या तक्रारीसाठी ते जपून ठेवतो. सौर संच घेताना हीच शिस्त पाळावी.

१. पुरवठादाराचे नाव राष्ट्रीय संकेतस्थळावरील यादीत स्वतः शोधावे. त्याने दाखविलेले प्रमाणपत्र किंवा छापील ओळखपत्र पुरेसे मानू नये.

२. किमान तीन दरपत्रके घ्यावीत. प्रत्येकात पॅनेल व इन्व्हर्टरचे उत्पादक, क्षमता, सांगाड्याचा प्रकार, अर्थिंग, तडित रोधक आणि नेट मीटरचा खर्च स्वतंत्रपणे लिहिलेला असावा. केवळ एकत्रित रक्कम लिहिलेल्या दरपत्रकांची तुलना होऊ शकत नाही.

३. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सौर घट दोन्ही भारतीय बनावटीचे असणे बंधनकारक आहे. आयात घटांची पॅनेल स्वस्त असतात. दरपत्रकात एक आणि छपरावर दुसरे, असे झाल्यास अनुदान नाकारले जाते. म्हणून माल उतरताच प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहावा व छायाचित्र काढून ठेवावे.

४. त्याच पुरवठादाराने एक-दोन वर्षांपूर्वी बसविलेले जवळपासचे संच पाहावेत. बिघाडानंतर तो किती दिवसांत आला, हे त्या कुटुंबाला विचारावे. योजनेनुसार पाच वर्षांची देखभाल ही पुरवठादाराची जबाबदारी आहे.

५. हमीपत्रे ग्राहकाच्या नावाने व उत्पादकाची असावीत. पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी सामान्यतः २५ वर्षांची असते. इन्व्हर्टरची हमी त्याहून बरीच कमी असते. विक्रेत्याने ‘सगळ्याला पंचवीस वर्षे’ असे तोंडी सांगितल्यास ते लेखी मागावे.

उभारणीचा दर्जाही तपासावा. सांगाडा गंजरोधक जस्तलेपित असावा आणि वाऱ्याचा भार सहन करील असा छपराला पक्का बांधलेला असावा. खेड्यातील घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. उघड्या वायरी उंदीर कुरतडतात, तर जोडपेट्यांच्या मोकळ्या छिद्रांत मुंग्या, पाली आणि कुंभारीण माश्या आश्रय घेतात. वायरी नळीतून नेलेल्या व छिद्रे बंद केलेली असावीत. अशा पेट्यांत स्वतः कीटकनाशक फवारू नये. देखभालीच्या वेळी पुरवठादाराकडून त्या स्वच्छ करून घ्याव्यात.

रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी

सर्व नियमांचे सार एकच आहे : पैसे कामाच्या पुढे जाऊ नयेत. करार होताना अल्प रक्कम, माल पोहोचून अनुक्रमांक जुळल्यावर मोठा हप्ता आणि नेट मीटर बसून संच सुरू झाल्यावर उरलेली रक्कम, अशी विभागणी करारात लिहून घ्यावी. नेट मीटरपर्यंत राखून ठेवलेला हप्ता पुरवठादाराला काम पूर्ण करण्यास बांधून ठेवतो. रक्कम संस्थेच्या खात्यातच, बँकेमार्फत द्यावी. ३ किलोवॅटपर्यंतच्या संचांना बँका तारणाशिवाय कर्ज देतात. कर्ज घेतल्यास बँक पुरवठादाराला कोणत्या टप्प्यावर पैसे देणार आहे, हे सही करण्यापूर्वी विचारावे. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या अर्जावर सही करू नये.

महाराष्ट्रात महावितरण, गोव्यात वीज खाते, बेळगाव भागात हुबळी वीज पुरवठा कंपनी अशा वितरण संस्था वेगवेगळ्या आहेत आणि नेट मीटरचे नियम राज्य वीज नियामक आयोगानुसार बदलतात. त्यामुळे शेजारच्या राज्यातील नातेवाइकाचा अनुभव जसाच्या तसा लागू होईलच, असे नाही. शंका असल्यास स्थानिक वीज कार्यालयात ग्राहक क्रमांक घेऊन जावे.

फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. विस्तार कार्यकर्त्यांनी हा क्रमांक आणि वरील पाच मुद्दे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले, तर संच घेण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबाला करार करण्यापूर्वीच सावध होता येईल.