त्र्यंबकजी डेंगळे: ज्याचा खटला कधी चाललाच नाही

ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर आजचा भाग इथे वाचून काढा.

डिसेंबर 1817. पेशवाईचा शेवटचा हिवाळा. खडकीची लढाई झाली, पुणं हातातून गेलं आणि दुसरा बाजीराव फौज घेऊन फिरतोय. मागे जनरल स्मिथ. फिरत फिरत पेशवा आपल्या जुन्नर-ओतूर भागात आला आणि इथे त्याला कुमक घेऊन एक माणूस येऊन मिळाला. या माणसाला पकडून देण्यासाठी इंग्रजांनी मोठं बक्षीस लावलं होतं. नाव त्र्यंबकजी डेंगळे.

आता जरा मागे जाऊ. त्र्यंबकजी हा मोठ्या घराण्यातला नव्हे. बाजीरावाकडे तो साधा जासूद, म्हणजे निरोप पोचवणारा होता. तिथून चढत चढत थेट कारभारी झाला. इंग्रजांशी जमवून घेण्यापेक्षा फौज वाढवावी, असं त्याचं मत. त्यामुळे पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन त्याच्यावर आधीपासून खार खाऊन होता.

मग आलं 1815. बडोद्याच्या गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यात होता. गायकवाड आणि पेशव्यांच्यात पैशाच्या हिशेबाचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा वाद. शास्त्रीच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतलेली. जुलैमधल्या एका रात्री पंढरपुरात, विठ्ठलाचं दर्शन घेऊन परतताना शास्त्रीचा खून झाला.

एल्फिन्स्टनने स्वतःच चौकशी केली आणि बोट त्र्यंबकजीकडे दाखवलं. बाजीरावाने टाळाटाळ केली, पण शेवटी सप्टेंबरमध्ये त्याला ताब्यात दिलं. रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात.

पुढचा भाग तर सिनेमात शोभेल असा. पहाऱ्यावर गोरे शिपाई, त्यांना मराठी कळत नाही. बिशप हेबर याने लिहून ठेवलंय की खिडकीखाली घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतच पळून जायचा बेत असायचा! 12 सप्टेंबर 1816 च्या रात्री त्र्यंबकजी पसार झाला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एका खुनाच्या आरोपाचं आता राजकारण झालं. 'त्र्यंबकजीला एका महिन्यात हजर करा', असं एल्फिन्स्टनने पेशव्याला बजावलं आणि तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड मागितले. जून 1817 च्या पुणे तहात पेशव्याकडून त्र्यंबकजीचा गुन्हा कबूल करून घेतला. त्याच तहात मुलूख गेला आणि मराठा मंडळाचं प्रमुखपदही गेलं. सांगा बघू, न्याय शास्त्रीला मिळाला की फायदा कंपनीला?

तर असा हा माणूस जुन्नर भागात पुन्हा धन्याजवळ आला. तिथून फौज खाली वळली, आज जिथून पुणे-नाशिक हायवे जातो साधारण त्याच पट्ट्यातून, खेड-चाकणमार्गे. 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव. समोर कॅप्टन स्टाँटनची सुमारे 800 जणांची तुकडी, तिच्यात मोठ्या संख्येने महार सैनिक. ते दिवसभर लढले, हटले नाहीत. पेशव्याची फौज निघून गेली. मे महिन्यापर्यंत जुन्नर, चावंड, हडसर असे आपल्या भागातले किल्लेही इंग्रजांकडे गेले.

आता शेवट बघा. जून 1818 मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला वर्षाला 8 लाखांची पेन्शन आणि गंगाकाठी बिठूरला मुक्काम. त्याच सुमारास त्र्यंबकजी नाशिककडच्या अहिरगावात पकडला गेला. त्याला मिळाला काशीजवळचा चुनारचा किल्ला, कैदी म्हणून. 1824 मध्ये हेबर त्याला तिथेच भेटला. 1829 मध्ये कैदेतच तो वारला.

तो निर्दोष होता, असं मी म्हणत नाहीये. संशय घ्यायला कारणं होती. पण उघड कोर्टात साक्षी-पुरावे मांडून त्याचा खटला कधीच चालला नाही. आरोप इंग्रजांचा, चौकशी इंग्रजांची, कबुली लिहून दिली पेशव्याने आणि शिक्षा भोगली त्र्यंबकजीने.

म्हणून त्याला 'खलनायक' किंवा 'स्वातंत्र्यवीर' ठरवणारा मेसेज आला, की फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: हा निकाल नक्की कुठल्या कोर्टाने दिला?

भेटू पुढच्या भागात!