मळवलीची सहल : मुलांस काय दाखवावें ?

वर्षांतून एकदां मुलांस घेऊन सहलीस जावें, ही आपल्या शाळांतील जुनी चाल आहे. तथापि सहलीहून परतलेल्या मुलास “काय पाहिलेंस ?” असें विचारलें असतां, “पुष्कळ पायऱ्या होत्या, आणि डब्यांत पुऱ्या होत्या,” एवढेंच उत्तर पुष्कळदां मिळतें. यांत मुलाचा दोष नाहीं. काय दाखवावें याचा विचार दाखविणाऱ्यानें आधीं केलेला नसतो, म्हणून असें होतें. आम्हीं आमच्या मुलांसह भाजें, कार्लें व लोहगड हीं तीन स्थळें पाहिलीं. तेथें पाहण्याजोगें काय आहे, व तें मुलांस कसें दाखवावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

मुंबई-पुणें लोहमार्गावर लोणावळ्याजवळ मळवली हें लहानसें स्टेशन आहे. पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या लोकल गाड्या तेथें थांबतात. स्टेशनाच्या दक्षिणेस भाज्याचीं लेणीं, त्याच बाजूस पुढें लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले, आणि उत्तरेस कार्ल्याचा डोंगर आहे. हें सर्व एका दिवसांत उरकण्याचा मोह होतो, तो टाळावा. पहिल्या दिवशीं लेणीं व दुसऱ्या दिवशीं गड, अशी वांटणी केल्यास मुलांचे पाय व मन दोन्ही ताजीं राहतात.

इतकीं लेणीं याच डोंगरांत कां, हा प्रश्न मुलांस प्रथम विचारावा. याचें उत्तर बोरघाटांत आहे. कोंकणच्या बंदरांतून देशावर जाणारा व्यापाराचा मार्ग प्राचीन काळीं या घाटानें येत असे. बौद्ध भिक्षूंस पावसाळ्यांत एके ठिकाणीं राहावयास जागा लागे, वाटसरूंस विसावा लागे, आणि व्यापाऱ्यांच्या हातीं दान करावयास द्रव्य होतें. आजही रेल्वे व मोठा रस्ता याच खोऱ्यांतून जातात, हें वरून बोटानें दाखवितां येतें.

लेण्यांपैकीं भाजें आधीं पाहावें, कारण तें अधिक जुनें आहे. त्याचा आरंभ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतला. येथील चैत्यगृहाचे खांब सरळ उभे नसून आंतल्या बाजूस किंचित् कललेले आहेत. लांकडी घराचें छप्पर भिंती बाहेर रेटतें, म्हणून सुतार खांब आंत कलते ठेवीत. दगडांत कोरलेल्या घरास ही भीति नाहीं. तरीही पाथरवटानें सुताराचीच रीत उचलली. चैत्यगृहाचा समोरचा भाग मात्र उघडा आहे, व तेथील खडकांत ठिकठिकाणीं चौकोनी भोकें दिसतात. तीं कशाचीं, असें आम्हीं विचारलें, तेव्हां पुस्तकांत पुढें असणारे विद्यार्थी गप्प राहिले. एका सुताराचा मुलगा, जो वर्गांत सहसा तोंड उघडीत नाहीं, तो म्हणाला, “सर, हीं खुंट्या बसवावयाचीं भोकें आहेत. येथें लांकडाची चौकट असणार.” त्याचें म्हणणें खरें होतें. तेथें पूर्वीं लांकडी दर्शनी भाग होता. तो नाहींसा झाला व भोकें राहिलीं. सहलीचा असा एक लाभ आहे, कीं वर्गांतील क्रम तेथें बदलतो.

भाज्यास जें सुरू झालें तें कार्ल्यास पूर्णतेस गेलें. हें चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें असून १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद व जवळजवळ तितकेंच उंच आहे. हे आंकडे सांगून भागत नाहीं. मुलांस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलें मोजावयास लावावीं. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा खांब असून त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं कोरलेलीं आहेत. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, अठपैलू आहेत. छताखालील लांकडी कमानी मूळच्याच आहेत. दोन हजार वर्षांचें लांकूड आपल्या डोक्यावर आहे, हें कळल्यावर मुलें आपोआप हळू बोलूं लागतात. लेण्याच्या दारापाशींच एकवीरा देवीचें देऊळ असून कोळी व इतर समाजांतील कुटुंबें तेथें दर्शनास येतात. आपला धर्म कोणताही असो, तेथें अदबीनें वागावें, हें मुलांस आधींच सांगून ठेवावें.

खांबांवर व भिंतींवर ब्राह्मी लिपींत लेख आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल यानें हें शैलगृह सिद्ध केलें, असें एक लेख सांगतो. धेनुकाकट येथील यवनांनीं कित्येक खांब दिले. सिंहदत्त नांवाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यानें दाराचें दान केलें. राजांचीं नांवें पाठ करणाऱ्या मुलांस हें विशेष वाटतें, कीं येथें अत्तरविक्याचेंही नांव राहिलें आहे.

येथेंच एक खेदाची गोष्ट घडली. सातवींतील एक मुलगा खिळ्यानें भिंतीवर आपलें नांव कोरूं लागला. रखवालदारानें त्यास हटकलें, व आम्हीही रागावलों. मुलानें मान खालीं घालून विचारलें, “सर, या लोकांनींही आपलीं नांवें कोरलींच आहेत ना ? मग मीं काय वाईट केलें ?” आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. पायरीवर सर्वांस बसवून आम्हीं त्या प्रश्नाचा विचार केला. शेवटीं असें ठरलें, कीं त्यांनीं आधीं खांब दिला व मग त्यावर नांव घातलें. आपण कांहीं न देतां दुसऱ्याच्या देणगीवर नांव घालतों. शिवाय १९५८ च्या कायद्यानें अशा संरक्षित वास्तूंस इजा करणें हा गुन्हा आहे, हेंही सांगितलें. मुलानें खिळा आमच्या हातीं दिला. ही लिपि शतकानुशतकें कोणासही वाचतां येत नव्हती; जेम्स प्रिन्सेप यानें १८३७ सालीं तिची किल्ली शोधली, व पुढें डॉ. जॉन विल्सन व डॉ. जॉन स्टीव्हन्सन या मिशनरींनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांच्या अभ्यासांत पुष्कळ श्रम केले. हें ऐकून त्या मुलानें घरीं परतल्यावर ग्रंथालयांतील तक्त्यावरून आपलें नांव ब्राह्मींत वहीवर लिहिलें. भिंतीवरचें अर्धें अक्षर मात्र तेथेंच राहिलें. तें आम्हांस पुसतां आलें नाहीं. जी गोष्ट आम्हीं नंतर सांगितली, ती आंत शिरण्यापूर्वीं सांगावयास हवी होती.

दुसऱ्या दिवशीं लोहगड. शिवाजी महाराजांनीं हा गड १६४८ सालीं घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहानें तो मोंगलांस द्यावा लागला, व १६७० सालीं तो परत मिळविला. गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाच्या वाटेवर आहेत. शत्रु बनून चढा, व प्रत्येक वळणावर वरून कोण पाहत आहे तें मोजा, असें सांगितल्यास वळणांचा हेतु मुलांच्या चटकन ध्यानीं येतो. नाना फडणविसांनीं बांधविलेलें सोळा कोनांचें टांकें व विंचवाच्या नांगीसारखी लांब गेलेली विंचूकाट्याची सोंड अवश्य दाखवावी. परंतु सोंडेवर वारा फार असतो, म्हणून लहान मुलांस हात धरूनच न्यावें. तेथून समोरचा उंच विसापूर पाहावा. मार्च १८१८ मध्यें इंग्रजांनीं आधीं विसापूर घेतला, आणि मग लोहगड न लढतांच त्यांच्या हातीं आला. शेजारची उंची शत्रूच्या हातीं गेल्यावर चार दरवाजांचा उपयोग नाहीं, हा धडा तेथें उभें राहूनच नीट समजतो. २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. त्यांत लोहगडही आहे.

पालकांस दोन शब्द. पावसाळ्यांत पायऱ्या शेवाळलेल्या असतात. थंडीचे दिवस उत्तम. प्रत्येक मुलाजवळ पाणी, टोपी, वही व पेन्सिल असावी. छायाचित्र काढण्यापूर्वीं एक तरी वस्तु हातानें रेखाटावी, म्हणजे डोळा तीवर ठरतो. उष्टें व कागद आपल्याच पिशवींत परत आणावे. आणि घरीं आल्यावर “किती मौज केलीस ?” असें न विचारतां, “तुला कोणता प्रश्न पडला ?” असें विचारावें. आमच्या सहलींतला सर्वांत चांगला प्रश्न ज्या मुलानें चूक केली त्यानेंच विचारला होता, हें आम्हीं विसरलों नाहीं.