चिंचेनं घासलेलं घड्याळ

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या हातून कधी काही बिघडलंय का? माझ्या हातून बिघडलं होतं, तेही लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत.

सासरी देवळीत वीतभर उंचीचं एक घड्याळ होतं. चारही बाजूंनी काच, वर धरायला कडी. घरातले कुणी पूर्वज कारंज्याला कापसाच्या व्यापारात होते, त्यांनी एका साहेबाच्या लिलावातून ते आणलं, असं सांगतात. चौकट काळपट पडलेली. मला वाटलं, नव्या सुनेचं काम दिसू दे! तांब्या-पितळेच्या भांड्यांसोबत तीही चिंच आणि राखेनं खसाखसा घासली. पिवळीधमक झाली. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू दे बाई, येळ तं बराबर दाखोते ना!"

त्या अशा का म्हणाल्या, ते कळायला बरीच वर्षं गेली. आमच्या बचत गटाची सहल हैदराबादला गेली होती. वाशीमहून रेल्वे असल्यामुळे ते आपल्याला सोयीचं. सालारजंग म्युझियममध्ये सगळ्या जणी त्या प्रसिद्ध घड्याळासमोर जमल्या, ज्यातून दर तासाला दाढीवाला बाहुला येऊन टोले देतो. मी मात्र फ्रान्सच्या सोनेरी घड्याळांपाशी थबकले. हा सगळा संग्रह मुख्यतः तिसऱ्या सालारजंगांचा. ते १९४९ साली वारले आणि १९५१ साली म्युझियम लोकांसाठी खुलं झालं. त्यांचे आजोबा, पहिले सालारजंग, आपलं वऱ्हाड इंग्रजांकडून निजामाला परत मिळावं म्हणून आयुष्यभर खटपट करत होते. म्हणजे नातं तसं जुनंच!

त्या घड्याळांवरचा सोनेरी रंग हा खरंच सोन्याचा मुलामा असतो. जुन्या पद्धतीत सोनं पाऱ्यात कालवून पितळेवर फासायचे आणि तापवायचे. पारा उडून जायचा, सोनं चिकटून राहायचं. त्या वाफेनं कारागिरांचे हाल व्हायचे, म्हणून पुढे विजेनं मुलामा देऊ लागले. तो फारच पातळ. माझ्या चिंच-राखेपुढे तो किती टिकणार? तिथंच पोटात धस्स झालं.

आमचं घड्याळ प्रवासी जातीचं. लंबक नाही, म्हणून हलवलं तरी चालतं. पॅरिसच्या ब्रेगे नावाच्या कारागिराकडून असं घड्याळ नेपोलियननं १७९८ साली, इजिप्तच्या मोहिमेआधी घेतलं होतं. नंतर फ्रान्समधल्या सेंट निकोलस द'अलिएरमाँ या गावात त्यांचे कारखानेच निघाले. इंग्रज साहेबांना ती फार आवडत. घरी येऊन मागचं दार उघडलं, बॅटरी मारली, तर 'मेड इन फ्रान्स' अशी बारीक अक्षरं!

नंतर एकदा जुन्या वस्तू घेणारा दारावर आला. "मुलामाच गेला ताई, मोडीचा भाव येईल," म्हणाला आणि पाचशे रुपये पुढे केले. मनात आलं, खरंच मोडीचा माल असता तर हा इतका वाकून, काच पुसून आतलं यंत्र का पाहतोय? मी दिलं नाही. आमच्या गटातल्या एका काकूंनी तर त्यांचं टोल्याचं घड्याळ स्टीलच्या डेगचीवर देऊन टाकलं होतं. ते कुठलं होतं, आता कोण सांगणार?

तुमच्याकडे असं काही असेल तर तबकडीवरच्या नावावर जाऊ नका. तिथं पुष्कळदा विकणाऱ्या दुकानदाराचं नाव असतं. बनवणाऱ्याची खूण आत, मागच्या पत्र्यावर सापडते. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, बस्स. चिंच, लिंबू, राख, पावडर काही नको. बंद असेल तर जबरदस्तीनं चावी पिळू नका, आधी जाणत्या घड्याळजीला दाखवा. आणि विकायचंच असेल तर दोघा-तिघांना विचारा, पहिल्या भावाला हो म्हणू नका.

सासूबाई आता नाहीत. रविवारची चावी माझ्याकडे आली आहे. कडीच्या खालच्या बाजूला, जिथं माझी राख पोचली नाही, तिथं बोटभर सोनेरी पट्टी अजून आहे. चावी देताना माझी नजर आधी तिथंच जाते.