खडकावरची छोटी गाडी आणि सस्पेन्शनचे गणित

नगर-पाथर्डी रस्त्यावर करंजी घाट ओलांडल्यानंतर तिसगाव लागते. या भागात गर्भगिरीच्या डोंगररांगा आहेत. बेसॉल्टचे ओबडधोबड काळे दगड, मधूनच मुरूम आणि पावसाळा सरताच कोरडे पडणारे ओढे असे इथले भूदृश्य. जवळच्या मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, हे सर्वश्रुत आहे. अशा दगडधोंड्यांतून ओझे घेऊन चालणारे गाढव सहसा कोलमडत नाही, कारण ते प्रत्येक पाय जागा पाहून स्वतंत्रपणे टेकवते. रेडिओ नियंत्रणावर चालणाऱ्या 'रॉक क्रॉलर' या छोट्या गाडीलाही नेमके हेच साधावे लागते.

रॉक क्रॉलर म्हणजे खऱ्या जीपची, बहुधा एक दशांश आकाराची प्रतिकृती. वेगाशी तिला कर्तव्य नसते. माणसाच्या चालीने, किंबहुना त्याहूनही सावकाश, खडक चढणे एवढेच तिचे काम. चारही चाकांना गती मिळते, पुढचा व मागचा आस अखंड असतो आणि चार कोपऱ्यांना तेल भरलेले, स्प्रिंग बसविलेले चार शॉक असतात. आसाचे एक टोक दगडावर चढले, की दुसरे खाली झुकून जमिनीला टेकलेले राहावे, ही अपेक्षा. ट्रॅक्टर नांगरटीत चालताना पाहिलेल्यांना हे लगेच उमगेल. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलतो, म्हणून एक चाक ढेकळावर आणि दुसरे सरीत असले तरी दोन्ही जमिनीला धरून राहतात.

चाक वर-खाली जितके हलू शकते, त्याला सस्पेन्शनची हालचाल म्हणतात. नवख्या हौशी मंडळींची पहिली चूक येथेच होते. हालचाल जितकी जास्त तितकी गाडी चांगली, असे समजून लांब शॉक विकत आणून बसविले जातात. गाडी दिसते रुबाबदार. परंतु पहिल्याच तिरक्या दगडावर ती कुशीवर पडते.

याचे कारण साध्या भूमितीत आहे. समजा, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर २०० मिलिमीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० मिलिमीटर उंचीवर आहे. स्प्रिंग व टायर दबणे क्षणभर बाजूला ठेवले, तर ही गाडी ४५ अंश कलेपर्यंत उलटणार नाही. लांब शॉकमुळे गुरुत्वमध्य १० मिलिमीटरने वर गेला, की ही मर्यादा सुमारे ४२ अंशांवर येते. तेवढाच खाली आणला तर ४८ अंशांपर्यंत जाते. तीन अंशांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. खडकावर मात्र तोच निर्णायक ठरतो.

वर किती, खाली किती?

म्हणून जाणकार एकूण हालचालीपेक्षा तिच्या वाटणीकडे अधिक लक्ष देतात. ती मोजण्यास फुटपट्टी पुरते. बॅटरीसह गाडी चार-पाच सेंटिमीटरवरून सपाट फरशीवर सोडावी, म्हणजे ती आपल्या वजनाने स्थिरावते. आस आणि चासी यांतील अंतर नोंदवावे. मग चाके उचलली जातील इतकी चासी वर धरून एकदा, आणि पूर्ण दाबून एकदा तेच अंतर मोजावे. एकूण हालचाल ३० मिलिमीटर असून गाडी आपल्या वजनाने १२ मिलिमीटर बसत असेल, तर चाकाला खड्ड्यात उतरण्यास १२ आणि दगडावर चढताना दबण्यास १८ मिलिमीटर उरतात. खाली उतरण्याचा वाटा एक तृतीयांश ते निम्मा असावा, हा सुरुवातीला धरून चालण्याजोगा अंदाज आहे.

शॉकवरील आट्यांची कॉलर फिरविली की हालचाल वाढते, हा दुसरा गैरसमज. कॉलर स्प्रिंगच्या दिशेने आवळल्याने चासी उचलली जाते. दबण्याची जागा वाढते आणि तेवढीच उतरण्याची घटते. बेरीज तीच राहते. ती बदलायची तर शॉक उघडावा लागतो. आत, पिस्टनच्या खाली, दांड्यावर प्लॅस्टिकची छोटी चकती घातली की दांडा कमी बाहेर येतो आणि चाकाचे उतरणे मर्यादित होते. हीच चकती बाहेरच्या बाजूने दांड्यावर बसविली की दबणे मर्यादित होते. वळणावर टायर बॉडीला घासत असेल तर हा उपाय करावा. शॉकचे वरचे टोक आतल्या छिद्रात घेऊन तो तिरका केला, तर त्याच शॉकवर चाक अधिक हलते, पण स्प्रिंग मऊ पडल्यासारखी वागते.

पुढच्या चाकांचे उतरणे थोडे आवरलेलेच बरे. खड्या चढावर वजन मागे सरकते, पुढच्या स्प्रिंगा ताणल्या जातात, नाक वर येते आणि गाडी पाठीवर पडते. खऱ्या क्रॉलर स्पर्धांतील काही गाड्यांत तर चढावर पुढचा आस चासीकडे ओढून धरण्यासाठी विंच बसविलेले असते. चाक फार खाली लोंबू दिले तर आणखी एक तोटा होतो. मधला शाफ्ट ताणला जातो, त्याचे सांधे अवघड कोनात अडकतात, क्वचित शाफ्ट सुटूनही येतो.

केलेला बदल उपयोगी पडला की नाही, हे पाहण्यास २० अंशांची फळी पुरेशी आहे. पुढचे एक चाक फळीवर चढवत न्यावे आणि कोणतेही चाक हवेत उचलले जाताच थांबावे. चढलेल्या अंतराला दोन आसांमधील अंतराने भागून हजाराने गुणावे. आसांमधील अंतर ३१३ मिलिमीटर असून गाडी २५० मिलिमीटर चढली, तर निर्देशांक सुमारे ७९९ येतो. खऱ्या जीपगाड्यांसाठीही हीच पद्धत वापरतात. अर्थात हा आकडा केवळ लवचिकता सांगतो. गाडी उलटेल की नाही, हे सांगत नाही.

खेळातली चूक बॉडीवरील ओरखड्यावर निभावते. रस्त्यावरच्या वाहनाचे तसे नसते. लांब शॉक आणि मोठी चाके बसवून जीप उंच करण्याची हौस अनेकांना असते, आणि गुरुत्वमध्याचे वरील गणित तिलाही लागू पडते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

छोट्या गाडीत असे बंधन नसल्याने प्रयोगाला वाव भरपूर. मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. मुरमाची बारीक धूळ शॉकच्या दांड्याला चिकटून आतील रबरी कडी कापते व तेल झिरपू लागते. चारपैकी एकाच शॉकचे तेल कमी झाले, तरी मोजमापे चुकू लागतात. त्यामुळे माळावरून परतल्यावर दांडे कोरड्या फडक्याने पुसावेत आणि स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी तेल तपासावे.