रोबोट वेल्डिंग करतो, मग वेल्डर व्हायचं की नाही?

मसुऱ्यातून मी बोलतोय. ज्यांना भाग ऐकायला वेळ किंवा रेंज नाही त्यांच्यासाठी ही लेखी प्रत. बोलताना अडखळलो ते तेवढं काढलंय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून घेतलाय. पंचक्रोशीतला दहावी झालेला मुलगा विचारतोय, "दादा, आयटीआयक वेल्डर घेव की नको? चाकणाक सगळा वेल्डिंग रोबोटच करतत, असा म्हणतत." त्याच्या घरचे यावर एक वर्ष आणि पैसे लावणार आहेत. त्यामुळे "काळजी करू नकोस, होईल सगळं चांगलं" असलं उत्तर देत नाही. आधी रोबोट नक्की करतो काय, ते बघू.

कारखान्यातला रोबोट सिनेमातल्यासारखा चालत-बोलत नाही. तो नुसता एक हात असतो, जमिनीत बोल्टने घट्ट बसवलेला. त्याला बहुतेक वेळा सहा सांधे असतात: एक कमरेचा, एक खांद्याचा, एक कोपराचा आणि तीन मनगटाचे. प्रत्येक सांध्यात मोटर आणि सांधा किती फिरला हे मोजणारा एन्कोडर. त्या हातात वेल्डिंग गन दिली तर तो वेल्डर, रंगाची गन दिली तर पेंटर, पकड दिली तर हमाल. असा पहिला हात, त्याचं नाव युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. त्याचं काम होतं साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणं. कुणालाही नको असलेलं काम!

आता चाकण. पुण्याच्या उत्तरेला फोक्सवॅगन, महिंद्रा, मर्सिडीज, बजाज असे सगळे एका पट्ट्यात आहेत. कारचा सांगाडा जिथे जोडतात त्याला बॉडी शॉप म्हणतात, आणि रोबोटांची खरी गर्दी तिथेच. तिथलं वेल्डिंग आपल्या नाक्यावर ग्रीलवाला करतो तसं नसतं. ते स्पॉट वेल्डिंग. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, दोन्ही बाजूंनी तांब्याच्या टोकांनी चिमटीत दाबायचे आणि सेकंदाच्या छोट्याशा भागापुरता काही हजार अँपिअर करंट सोडायचा. (घरातल्या एमसीबीवर १६ किंवा ३२ लिहिलेलं असतं, त्यावरून अंदाज घ्या.) पत्रे तेवढ्याच ठिपक्यात वितळून एक होतात. एका कारमध्ये असे साधारण तीन ते पाच हजार टाके असतात. ही गन जड असते. माणसं ती वरून टांगून, ओढून, वळवून दिवसभर टाके मारायची, आणि अंगावर ठिणग्या. रोबोट तीच गन उचलून प्रत्येक गाडीवर त्याच जागी टाका मारतो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी फरकाने. तासाला, पाळीला, महिन्याला तेच.

तेव्हा सरळच सांगतो: मोठ्या कार कंपनीत स्पॉट वेल्डिंगची गन धरण्याची नोकरी कमी झालीय आणि ती परत येणार नाही. जागतिक रोबोटिक्स संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ या एका वर्षात भारतात साडेआठ हजारांच्या आसपास नवे रोबोट बसले. चीनमध्ये त्याच वर्षी पावणेतीन लाखांहून जास्त. म्हणजे आपल्याकडे ही अजून सुरुवात आहे.

पण एक गोष्ट लोक विसरतात. साधा रोबोट आंधळा असतो. त्याला शिकवतात ते टीच पेंडंटवरून. पेंडंट म्हणजे वायरचा जाडजूड रिमोट. हात एका जागी न्यायचा, जागा सेव्ह करायची, पुढची जागा, सेव्ह. नंतर तो त्याच जागांवर फिरत राहतो. पत्रा दोन मिलिमीटर सरकलेला असला तरी त्याला पत्ता नसतो, तो जुन्याच जागी टाका मारतो. म्हणून पत्रा हलू नये यासाठी पिना आणि क्लॅम्प असलेलं फिक्श्चर लागतं. मला विचाराल तर लाइनवरची अर्धी हुशारी त्या फिक्श्चरमध्ये असते, पण फोटो मात्र रोबोटचा काढतात. कॅमेरे आणि सेन्सर लावून रोबोटला थोडं "दिसतं" करता येतं, पण त्याचा खर्च आणि कटकट वाढते.

हे समजायला आपला काजू घ्या. बी फोडताना चिकाने हात भाजतात, तरी बायका पायाने दाबायच्या कटरवर एकेक बी ठेवून फोडत आल्या. पत्र्याला टाका मारणारं यंत्र साठ वर्षांपूर्वीचं, मग इथे का अडलं? कारण प्रत्येक बी वेगळी. एक लठ्ठ, एक वाकडी. आपोआप फोडणारी यंत्रं आता आहेत, पण त्यांना आधी आकाराप्रमाणे बी वेगळी करून द्यावी लागते. पुढच्या वेळी कुठलंही काम रोबोट घेईल का असा प्रश्न पडला तर एवढंच बघा: समोर येणारी वस्तू दर वेळी तशीच आणि त्याच जागी येते का?

तशी येत नसेल तिथे माणूस टिकतो. होडीच्या इंजिनाचं फाउंडेशन खाऱ्या पाण्याने खाल्लं तर ते जोडायला रोबोट येणार नाही. पाइपलाइन, जहाजदुरुस्ती, शेडचे ट्रस, साखर कारखान्यातली दुरुस्ती, तिथेही तेच. आणि चाकणला रोबोटभोवतीसुद्धा माणसं लागतात. तांब्याची टोकं काही शे टाक्यांनंतर पसरट होतात, ती तासावी लागतात. टाका कच्चा आहे की पक्का, हे तपासावं लागतं. नवं मॉडेल आलं की सगळे बिंदू परत शिकवावे लागतात. हे ज्याला वेल्डिंग कळतं तोच नीट करतो. फक्त बटणं येणारा माणूस कच्चा टाका बघून गोंधळतो.

दुसरा प्रकार कोबोटचा. हा धडकला तर जोर ओळखून थांबतो, म्हणून माणसाच्या शेजारी उभा राहू शकतो. बजाज ऑटोने २०१० पासून डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सचे कोबोट घ्यायला सुरुवात केली आणि पुढे त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. चाकणच्या त्यांच्या जुळणीच्या लाइनवर मुलींची संख्या मोठी आहे. नट-बोल्ट ठरावीक जोराने आवळण्यासारखी मनगट मोडणारी कामं कोबोटकडे गेली.

तर भावा, तुका उत्तर: वेल्डर घे, पण नुसता वेल्डर राहू नको. मिग, टिग दोन्ही शिक, ड्रॉइंग वाचायला शिक. वीज-मोटरची आवड असेल तर इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा आहे, तो रोबोटच्या जास्त जवळचा. आयटीआयच्या ट्रेडच्या यादीत आता इंडस्ट्रियल रोबोटिक्सचाही ट्रेड आहे, पण सगळीकडे नाही. फॉर्म भरताना कॉलेजवार यादी उघडून बघ.

आणि ट्रेनी म्हणून लागलास तर एक लक्षात ठेव. थांबलेला रोबोट बंद असतोच असं नाही. तो कदाचित पुढच्या पार्टच्या सिग्नलची वाट बघत असतो आणि काही न सांगता हलतो. १९७९ साली अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात कामगार रोबोटखाली सापडून गेला, तेव्हापासून कुंपण, दाराचा इंटरलॉक हे सगळं कडक झालं. पेंडंटच्या मागे एक स्विच असतो, तो अर्धा दाबलेला असेल तरच हात हलतो. सोडला तरी थांबतो, घाबरून घट्ट आवळला तरी थांबतो. आत जायचं तर दाराला आपलं कुलूप लावून, चावी आपल्या खिशात ठेवून. सुपरवायझर "पटकन जा रे" म्हणाला तरी.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, मालवणीत पाठवलात तरी चालता. पुढच्या भागात काजूची यंत्रं जरा सविस्तर बघू.