समाजमाध्यमांतील जाहिरातमोहीम

समाजमाध्यमांतील जाहिरातमोहीम : उपभोग्य वस्तूंच्या उत्पादकांनी फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम, एक्स (पूर्वीचे ट्विटर), व्हॉट्सॲप यांसारख्या माध्यमांतून ठराविक काळात व ठराविक उद्दिष्टाने ग्राहकांशी साधलेला संपर्क. वृत्तपत्र, नभोवाणी वा दूरचित्रवाणी यांवरील जाहिरात ग्राहकाने केवळ पाहावयाची वा ऐकावयाची असते. समाजमाध्यमांतील मोहिमेत त्याने काही तरी करावे, अशी अपेक्षा असते. त्याने मत द्यावे, नाव सुचवावे, छायाचित्र धाडावे, प्रश्न विचारावा, इष्टमित्रांस कळवावे किंवा वस्तूची आगाऊ नोंदणी करावी. यांपैकी एखादी कृती त्याच्याकडून घडली, की तो मोहिमेत सहभागी झाला असे मानतात. या सहभागाची मर्यादा उत्पादक आधीच आखून ठेवतो. परंतु ग्राहक एकदा बोलू लागला, की तो त्या मर्यादेत राहीलच असे नाही. या माध्यमाचे सामर्थ्य व त्यातील धोका ही दोन्ही येथूनच उद्‌भवतात. महाराष्ट्रात या प्रकाराचे स्वरूप पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील वाहन-उद्योगात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते [⟶ जाहिरात].

या पट्ट्यातील बहुसंख्य कारखाने वाहनांचे सुटे भाग बनवितात. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे दुसरा कारखाना. सर्वसामान्य ग्राहकांसाठी मोहीम काढण्याचे त्यांना कारण नसते. मोहिमा निघतात त्या तयार वाहने विकणाऱ्या मोजक्या कंपन्यांच्या : आकुर्डीत मुख्यालय व चाकणला कारखाना असलेली बजाज ऑटो, पिंपरीला मोठा कारखाना असलेली टाटा मोटर्स, चाकण येथे उत्पादन करणाऱ्या महिंद्र अँड महिंद्र, स्कोडा-फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या कंपन्या. चहा किंवा साबण दर महिन्यास विकत घेतला जातो. मोटारगाडी मध्यमवर्गीय कुटुंबात काही वर्षांतून एकदाच घेतली जाते आणि तत्पूर्वी कित्येक महिने घरात तिची चर्चा चालते. या चर्चेत शिरकाव करून घेणे, हे वाहन-कंपन्यांच्या मोहिमेचे खरे उद्दिष्ट होय.

ही गरज पूर्वी नव्हती. १९७२ पासून बजाज ऑटोने बनविलेल्या चेतक स्कूटरसाठी परवाना-पद्धतीच्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मागणी पुरवठ्याहून कितीतरी अधिक असल्याने ग्राहकाची मनधरणी करण्याचे प्रयोजन नव्हते. १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने निघालेल्या मोटारसायकली बाजारात आल्या व स्पर्धा सुरू झाली. १९८९ मध्ये लिंटास या जाहिरातसंस्थेने केलेली ‘हमारा बजाज’ ही दूरचित्रवाणीवरील जाहिरात त्या बदलाची खूण म्हणता येईल. तिचे गीत घरोघरी गुणगुणले गेले. पण कोणी, कोठे व कोणत्या भावनेने गुणगुणले, हे आकुर्डीला कळण्याचा मार्ग नव्हता. समाजमाध्यमांनी नेमका हा मार्ग खुला केला. फेसबुक २००४ मध्ये, यूट्यूब २००५ मध्ये, ट्विटर २००६ मध्ये व इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. भारतात सप्टेंबर २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजाल एकदम स्वस्त झाले आणि ही माध्यमे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली.

कार्यपद्धती : समाजमाध्यमाच्या प्रत्येक वापरणाऱ्यास कोणता मजकूर आधी दाखवावयाचा, हे त्याच्या पूर्वीच्या वर्तनावरून संगणकीय रीतीने ठरते. ज्याने गाड्यांच्या चित्रफिती पाहिल्या, त्याला आणखी गाड्या दिसू लागतात. कंपनी पैसे मोजून वय, गाव, आवड इत्यादींनुसार लोकसमूह निवडू शकते. चालवून पाहण्यासाठी कोणी नाव व दूरध्वनी क्रमांक नोंदविला असेल, तर त्या माहितीच्या आधारे त्यालाच पुन्हा गाठता येते. जाहिरात किती खात्यांवर दिसली, त्या संख्येस ‘पोच’ म्हणतात. समजा, एखादी चित्रफीत एक लाख खात्यांवर दिसली आणि त्यांपैकी चार हजार जणांनी पसंती दर्शविली, अभिप्राय लिहिला किंवा ती पुढे पाठविली, तर प्रतिसादाचे प्रमाण ४ टक्के होते. या मोजणीतील मोठी उणीव अशी, की चेष्टेचा व संतापाचा अभिप्रायही तीत प्रतिसाद म्हणूनच धरला जातो. विक्रीशी त्याचा संबंध स्वतंत्रपणे तपासावा लागतो, आणि तो नेहमी सापडतोच असे नाही.

नामकरण : ग्राहकाला सहभागी करून घेण्याचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे वस्तूचे नाव सुचविण्यास सांगणे. टाटा मोटर्सने एका छोट्या गाडीचे नाव ‘झिका’ असे योजिले होते. गाडीचा आराखडा पुणे, ब्रिटन व इटली येथील केंद्रांनी केला व उत्पादन गुजरातेतील साणंद येथे ठेवण्यात आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये विख्यात फुटबॉलपटू लिओनेल मेस्सी यास घेऊन कंपनीने मोठी मोहीमही सुरू केली होती. तेवढ्यात झिका विषाणूची साथ पसरली व १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी कंपनीने नाव बदलण्याचे ठरविले. नव्या नावासाठी समाजमाध्यमांतून लोकांना आवाहन करण्यात आले, हजारो सूचना आल्या आणि त्याच महिन्यात ‘टियागो’ हे नाव मुक्रर झाले. येथे लोकसहभाग आधी ठरलेला नव्हता, तो संकटातून सुचला. तरीही जे नाव केवळ रद्द करून गप्प बसावे असे होते, त्याच्या बदलाची चर्चा कंपनीस अनुकूल झाली.

मात्र लोकांना पूर्ण मोकळीक दिली असता काय घडते, हे त्याच वर्षी ब्रिटनमध्ये दिसून आले. ध्रुवप्रदेशात संशोधनासाठी जाणाऱ्या एका जहाजाचे नाव तेथील शासकीय संशोधन परिषदेने लोकांना सुचविण्यास सांगितले, तेव्हा थट्टेने सुचविलेल्या ‘बोटी मॅकबोटफेस’ या नावास सर्वाधिक मते पडली. अखेर ते बाजूला सारून जहाजाला निसर्गवैज्ञानिक सर डेव्हिड ॲटनबरो यांचे नाव देण्यात आले.

चाकण येथे बनणाऱ्या ‘कायलॅक’ या गाडीच्या नामकरणात स्कोडाने अशी वेळ येऊ दिली नाही. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी गाडीची घोषणा करतानाच कंपनीने नावे मागविली. पण नावाची सुरुवात रोमन लिपीतील ‘के’ या अक्षराने व शेवट ‘क्यू’ने व्हावा, अशी अट घातली. कोडियाक, कुशाक यांसारख्या आधीच्या गाड्यांच्या नावांचा हाच साचा आहे. अटीमुळे थट्टेखोर नावांना वाव उरला नाही व अंतिम निवड कंपनीच्याच हाती राहिली. तरीसुद्धा दोन लाखांहून अधिक सूचना आल्या. २१ ऑगस्ट २०२४ रोजी नाव जाहीर झाले आणि ते सुचविणाऱ्या केरळमधील एका स्पर्धकास तीच गाडी पारितोषिक म्हणून मिळाली. हे नाव संस्कृतातील स्फटिकवाचक शब्दावरून घेतल्याचे कंपनीने सांगितले. संस्कृत कोशांत ‘केलास’ हा शब्द स्फटिक या अर्थी आढळतो व कैलास पर्वताच्या नावाशीही त्याचा संबंध जोडतात हे खरे. पण ‘कायलॅक’ या उच्चारातून तो मराठी वाचकाच्या ध्यानी यावा, ही अपेक्षा जरा जास्तच म्हटली पाहिजे. हिशेबाच्या दृष्टीने पाहता, गाडी बाजारात येण्यापूर्वी सहा महिने तिचे नाव हाच लोकांच्या बोलण्याचा विषय झाला आणि नाव सुचविणाऱ्यांचे श्रम कंपनीस जवळजवळ फुकट मिळाले. सूचना करणाऱ्यांना हा व्यवहार तोट्याचा वाटला नाही. नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा असतो, आणि मानाची किंमत कोणी मोजत नाही.

नोंदणी : विक्रीचा प्रारंभ हीच मोहीम करण्याची पद्धत महिंद्र कंपनीने रूढ केली. चाकण येथे बनणाऱ्या ‘स्कॉर्पिओ-एन’ची नोंदणी ३० जुलै २०२२ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या एका मिनिटात २५,००० व अर्ध्या तासाच्या आत एक लाख नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. आरंभीची सवलतीची किंमत पहिल्या २५,००० ग्राहकांपुरतीच असल्याने घाई होणे क्रमप्राप्तच होते. या नोंदण्यांची किंमत सु. १८,००० कोटी रुपये असल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात नोंदणीवेळी भरावयाची रक्कम २१,००० रुपये होती. नोंदणी म्हणजे विक्री नव्हे, हा भेद अशा आकड्यांच्या झगमगाटात झाकला जातो. गाड्या देण्यास सप्टेंबरअखेरीस प्रारंभ झाला व अनेकांना कित्येक महिने वाट पाहावी लागली. चेतकच्या काळातील प्रतीक्षायादी अशा रीतीने परत आली. फरक इतकाच, की पूर्वी ती उत्पादकाच्या अपुऱ्या क्षमतेची निदर्शक होती, आता ती लोकप्रियतेचा पुरावा म्हणून मिरविण्यात आली. रांगेतील ग्राहक मात्र आपला क्रमांक कोठवर आला, याची विचारणा त्याच समाजमाध्यमांवर सर्वांदेखत करू लागले.

भावनेला आवाहन करणाऱ्या मोहिमांत बजाज ऑटोच्या ‘व्ही’ या मोटारसायकलीचे उदाहरण लक्षणीय आहे. १९७१ च्या युद्धात कामगिरी बजावलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये सेवानिवृत्त झाली व २०१४ मध्ये मोडीत निघाली. तिचे काही पोलाद विकत घेऊन कंपनीने ते या मोटारसायकलीच्या इंधनटाकीसाठी वापरले व फेब्रुवारी २०१६ मध्ये ती सादर केली. पाठोपाठ समाजासाठी झटणाऱ्या सामान्य माणसांच्या कथांची चित्रफीत-मालिका समाजमाध्यमांवर प्रसृत केली. आरंभीचा प्रतिसाद मोठा होता. परंतु पुढे मागणी ओसरली व हे वाहन बंद झाले. युद्धनौकेबद्दलचा आदर आणि मोटारसायकलीची पसंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विक्रेत्यांचा वाटा : कंपन्यांच्या मोहिमा बहुधा इंग्रजीत वा हिंदीत असतात. मराठी दिसते ती गुढीपाडवा व दसरा या खरेदीच्या मुहूर्तांवर आणि मुख्यतः स्थानिक विक्रेत्यांच्या पानांवर. हार घातलेली गाडी, पुढे फोडलेला नारळ, हातात मोठ्या आकाराची किल्ली घेऊन उभे असलेले सारे कुटुंब, असे छायाचित्र विक्रेता आपल्या पानावर देतो व ग्राहक ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप-गटात पाठवितो. मेहुण्याने घेतलेली गाडी पाहून दुसरा चौकशीस येतो. महागड्या चित्रफितींपेक्षा या साध्या छायाचित्रावर लोकांचा अधिक विश्वास बसतो, कारण त्यातील माणूस ओळखीचा असतो. दुचाकी मालकांचे सहलगटही असेच काम करतात.

हाच विश्वास विकत घेण्यासाठी कंपन्या पुष्कळ अनुयायी असलेल्या व्यक्तींना मोबदला देऊन त्यांच्याकडून वाहनाची परीक्षणे करून घेतात. मोबदला लपविला, तर ती ग्राहकाची फसवणूक ठरते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये अशा मजकुरावर ‘जाहिरात’ असा स्पष्ट निर्देश करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ही परिषद जाहिरात-उद्योगाने १९८५ मध्ये स्वतःच स्थापिलेली संस्था आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास मात्र फसव्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत व पुनरावृत्ती झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो; उत्पादकाप्रमाणेच वस्तूची शिफारस करणारी व्यक्तीही त्यास पात्र ठरू शकते. नोंदणीच्या वेळी गोळा होणाऱ्या माहितीस २०२३ चा अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

तक्रारी : ज्या पानावर किल्लीसह छायाचित्र झळकते, त्याच पानावर सहा महिन्यांनी तक्रारही लिहिता येते. एप्रिल २०२२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी येथे एका ग्राहकाने बंद पडलेली विद्युत् दुचाकी गाढवाला बांधून गावातून फिरविली. ती या पट्ट्याबाहेरील कंपनीची होती. परंतु त्या मिरवणुकीची चित्रफीत देशभर पाहिली गेली व वाहन-कंपन्यांच्या जाहिरात विभागांना तिचा अर्थ कळावयास वेळ लागला नसावा. बहुतेक कंपन्या तक्रारदारास सार्वजनिक चर्चेतून काढून खासगी संदेशात क्रमांक कळविण्यास सांगतात. त्यामुळे तक्रार खरोखर सुटली की नुसती दृष्टिआड झाली, हे इतरांना समजत नाही. शिवाय दोष दूर करावयाचा असतो तो विक्रेत्याच्या दुरुस्तिकेंद्राने, आणि उत्तर लिहीत असतो तो दूरच्या जाहिरातसंस्थेतील कर्मचारी. या दोघांची गाठ क्वचितच पडते.

समाजमाध्यमावर लिहिलेली तक्रार कायद्याच्या दृष्टीने तक्रार नव्हे, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित ग्राहकांनाही ठाऊक नसते. तिने दाव्याची मुदत थांबत नाही. ती मुदत सामान्यतः कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर गाऱ्हाणे नोंदविता येते, पण निवाड्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडेच जावे लागते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास हा दावा जिल्हा आयोगापुढे चालतो. २०१९ च्या अधिनियमाने ग्राहकाला तो स्वतःच्या राहण्याच्या वा नोकरीच्या ठिकाणी दाखल करण्याची मुभा दिली. त्यामुळे चाकणला बनलेल्या गाडीबद्दल लातूरच्या ग्राहकाला लातुरातच दाद मागता येते, आणि मोहिमेत कंपनीने जाहीरपणे दिलेली आश्वासने त्याला तेथे पुराव्यादाखल मांडता येतात. त्यासाठी ती पाने दिनांकासह जपून ठेवणे आवश्यक असते, कारण मोहीम संपली की ती बहुधा काढून टाकली जातात.